तळाचं बोलणं

आमच्या घरात वर्तमानपत्र शेजाऱ्यांकडून उसनं यायचं, पण पत्रक मात्र रोज ताजं असायचं. भिवंडीत एका लूम कारखान्याच्या माडीवर आमची एक खोली होती. खाली चोवीस लूम, वर आम्ही तिघं: आई, बाबा आणि मी. पायाखालची फरशी सतत थरथरायची. वाटीतल्या आमटीवर बारीक वर्तुळं उठलेली असायची, आणि आमटी अशीच असते असं मी बरीच मोठी होईपर्यंत समजत होते. लाइट गेली की खालचा खडखडाट एकदम थांबायचा आणि त्या शांततेनं आम्ही दचकायचो. बाबा खाली जॉबर होते, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करायचे. आई लूमच्या धोट्यात बसणाऱ्या कांड्या सुतानं भरायची. ड्युटी संपवून वर आले की बाबा हाताचं ग्रीस घासलेटनं धुवायचे आणि तेच हात लगेच शाईत घालायचे, कारण पाण्याच्या पिंपाशेजारी, आईनं मसाल्याच्या बरण्यांसाठी मागितलेल्या जागेवर, युनियनचं सायक्लोस्टाइल यंत्र बसलेलं होतं. टोकदार लेखणीनं स्टेन्सिलवर अक्षरं कोरायची, रुळाला शाई चोपडायची आणि दांडा फिरवायचा. मी अक्षरं शिकले ती फुकट गेलेल्या पत्रकांवर. आई त्याच कागदांत बाबांच्या डब्याच्या भाकऱ्या गुंडाळायची, आणि तांदळाच्या पांढऱ्या भाकरीवर उलट्या अक्षरांत 'बंधूंनो' उमटलेलं असायचं.

पत्रक कसं लिहायचं हे बाबांनी मला शिकवलं. एक चहा संपेपर्यंत वाचून झालं पाहिजे. वाचणारा दुसऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवतो, म्हणून वाक्य एका दमाचं हवं. 'काही', 'बहुधा', 'असे कळते' हे शब्द मालकांच्या पत्रातले, आपले नव्हेत. मी हे सगळं इतकं मनावर घेतलं की शाळेच्या निबंधातसुद्धा माझी गाय शोषित असायची. बाई हसायच्या. मी हसत नव्हते. सोळा-सतरा वर्षांच्या वयात मला जगात दोनच बाजू दिसत होत्या आणि मधे उभ्या असलेल्या प्रत्येकाचा मला राग यायचा. तो राग अजून गेलेला नाही. आता फक्त मी तो काढण्याआधी एकदा श्वास घेते.

माझं आजोळ खारबावच्या बाजूला, खाडीकाठी. बाबा घाटावरचे आणि आई आगरी. रेतीबंदरावरच्या मजुरांची सभा घ्यायला बाबा गेले आणि तिथंच त्यांचं जमलं. आईचा धाकटा भाऊ, माझा जनामामा, डुबी मारायचा. त्या काळी खाडीची रेती अशीच निघायची. होडी खोल पाण्यात उभी करायची, तळापर्यंत एक लांब बांबू रोवायचा, आणि माणसानं लोखंडी बादली घेऊन त्या बांबूला धरून खाली उतरायचं. ना नळी, ना चष्मा. छातीत मावेल तेवढ्या हवेवर तळाची रेती बादलीत ओढायची आणि दोरीला झटका द्यायचा. वरचे लोक बादली ओढून घेत. दिवसभरात अशा किती डुब्या होत ते कुणी मोजत नसे. कान फुटत, डोळे कायम लाल. मामा घरी आला की मामी आधी त्याच्या कानात गरम तेल घालायची आणि मग ताट वाढायची. चिंबोरीचं कालवण, त्यात टाकलेल्या शेवग्याच्या शेंगा, भात, आणि तव्यावर कडक केलेल्या निवट्या, खाडीच्या चिखलातले बारके मासे. माझ्या सुट्ट्या या चवीच्या आहेत.

जेवताना मामा तळाच्या गोष्टी सांगायचा. मी एकदा विचारलं, की मामा, खाली काय काय दिसतं? तो हसला. "दिसतं कुठं गो. खाली कालोख हाय. डोलं उघडं ठेव नाय तर मिट, सारखाच कालोख." त्याला तळ पायांनी आणि हातांनी माहीत होता. कोलंबी घोट्याला टिचक्या मारते. चिंबोरीचा नांगा रेतीत हात घालताना आधी एकदा नुसता स्पर्श करतो, सावध करतो, आणि ऐकलं नाही तर धरतो. वाम मासा म्हणजे ओली दोरी, पण दोरी आपणहून सरकत नाही. शिंगाळ्याच्या पाठीचा काटा लागला तर हात खांद्यापर्यंत ठणकतो. केंड मासा हातात आला की फुगतो, कालोखात कुणी चेंडू दिला असं वाटतं. पण सगळ्यात जपून राहायचं ते पाकटापासून. ताटलीसारखा चपटा मासा, शेपटीवर करवतीसारखा काटा, आणि अंगावर रेती ओढून निजलेला. त्याच्यावर पाय पडला की तो शेपटी मारणारच. म्हणून डुबीवाले तळाला पाऊल उचलून टाकत नसत, सारत नेत. म्हणजे पाकटाला कडेनं धक्का लागतो आणि ते निघून जातं. रेती उपसून झालेल्या खड्ड्यात पाकट हमखास बसतं. कुणाला ते लागलं तर पुढच्या उधाणापर्यंत ती जागा बंद ठेवायची, हा त्यांचा नियम होता आणि होडीमालकांनाही तो पाळावा लागे.

मामाच्या नातीनं मागच्या वर्षी पाठीवर हवेचं नळकांडं बांधून समुद्रात बुडी मारली आणि मोबाइलवर मला सगळं दाखवलं. निळं पाणी, पिवळे मासे, आणि रेतीवरून उडत जावं तसं जाणारं एक भलंमोठं पाकट. "आत्या, घाबरू नको, लांबून छान दिसतात," ती म्हणाली. खरंच छान होतं. पाकटाला पोट असतं, पांढरं, आणि त्यावर हसल्यासारखं तोंड, हे मला या वयात कळलं. मामाला ते कधीच कळलं नाही. त्यानं आयुष्यभर ज्यांच्यात काम केलं त्यांतलं एकही त्यानं पाण्याखाली पाहिलं नव्हतं.

मी सतरा वर्षांची होते त्या वर्षी भिवंडीबाहेरच्या, कापड रंगवायच्या रंगखान्यांचं पाणी नाल्यातून थेट खाडीत यायला लागलं होतं. एक दिवस निळं, एक दिवस मेंदीसारखं, आणि वर साबणासारखा फेस. काठावरचे मासे उलटे तरंगताना मी स्वतः पाहिले. युनियननं यावर पत्रक काढायचं ठरवलं आणि बाबांनी ते मला लिहायला सांगितलं. माझं पहिलं, माझं एकटीचं पत्रक. मी दोन दिवस त्यावर बसले. त्यातलं एक वाक्य मला इतकं आवडलं की मी ते स्टेन्सिलवर मोठ्या अक्षरांत, चौकटीत कोरलं: 'खाडीच्या तळाला आज एकही जीव जिवंत नाही.' एका दमाचं वाक्य. छापून झाल्यावर गठ्ठा घेऊन मी आजोळी गेले आणि मामाला वाचून दाखवलं. तो भाकरी मोडता मोडता थांबला. "एकपन न्हाय? मग काल माझ्या पायाखालशी कोन हाललं?" मी त्याला समजावलं, की मामा, पत्रकात असंच लिहायचं असतं, नाहीतर कुणी हलत नाही. तो म्हणाला, तू शिकलेली, तुला ठाऊक. आणि जेवू लागला.

लोक हलले, हेही खरं. पत्रक भिवंडीत चहाच्या प्रत्येक टपरीवर वाचलं गेलं. ठाण्याच्या एका छोट्या वर्तमानपत्रानं माझं चौकटीतलं वाक्य तसंच्या तसं छापलं. सरकारी अधिकारी पाहणीला येणार असं कळलं. बाबांनी ते कात्रण यंत्रावरच्या भिंतीला खळीनं चिकटवलं. माझं नाव कुठंच नव्हतं, पण मी येता-जाता ते वाचत होते.

आणि त्यानंतर चार-पाच दिवसांनी, भर दुपारी, मामी रिक्षातून आमच्या दारात उतरली. मामाला पाकट लागलं होतं. घोट्याच्या वर, आतल्या बाजूला. त्याला शेजारच्या दवाखान्यात आणलं होतं. मी गेले तेव्हा तो बाकावर आडवा होता, पाय मांडीपर्यंत सुजलेला, आणि परातीतल्या सोसवेल तितक्या गरम पाण्यात तो बुडवून ठेवलेला. पाणी कोमट झालं की मामी ते बदलत होती. एवढा दांडगा माणूस, दातांत पंचा धरून रडत होता. दामू, त्याचा होडीवरचा जोडीदार, दाराशी उभा होता. त्यानं सांगितलं की मामा वर आला तेव्हा शुद्धीत होता आणि पहिली गोष्ट बोलला ती हीच, की खाली कुणाला सोडू नका. पण होडीमालक शेठनं तासाभरात दुसरा माणूस उतरवायची तयारी केली. त्या खड्ड्याला जाडी रेती लागली होती आणि उधाण अजून बरंच लांब होतं. दामूनं आणि बाकीच्यांनी नियम सांगितला, तेव्हा शेठ म्हणाला, पाकट कसलं, जना दारू पिऊन उतरला आणि बादलीच्या धारेवर पडला.

हे का भयंकर होतं ते सांगायला हवं. डुबीवाले थंडीपायी संध्याकाळी पीत, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. पण पिऊन पाण्यात उतरणं हा त्यांच्यात एकच गुन्हा होता ज्याला माफी नव्हती. खाली गेलेल्याचा जीव दोरीवाल्याच्या हातात आणि दोरीवाल्याची अब्रू खाली गेलेल्याच्या हातात. पिऊन उतरलेल्या माणसाला खाडीतल्या कुठल्याच होडीवर पुन्हा घेत नसत. जनामामा पूर्वी बराच प्यायचा. सोडून तीन वर्षं झाली होती, पण लोकांना आधीचं जास्त आठवतं. आणि शेठच्या खिशात एक कागद होता. दामू माझ्याकडे न बघता म्हणाला, "तो सांगतो, ह्यांच्याच मानसांनी छापलंय का खाली काय जिवंतच न्हाय. मग पाकट आलं कुठना."

बैठक परवाच्या दिवशी ठरली. डुबीवाल्यांची बैठक, सकाळी ओहोटीला, बंदरावर, मामा पिऊन उतरला होता की नाही ते ठरवायला.

त्या संध्याकाळी आमच्या खोलीत जे बोलणं झालं ते मला अजून शब्दन् शब्द आठवतं, कारण लाइट गेली होती आणि आम्हाला एकमेकांशी ओरडून बोलावं लागत नव्हतं. मी म्हणाले की बैठकीत जाऊन सांगते, ते वाक्य खोटं आहे. बाबांनी कंदिलाची वात सारखी केली. मग म्हणाले की अधिकारी पुढच्या आठवड्यात येतोय. तू एक वाक्य मागं घेतलंस की रंगखानेवाले तेवढंच घेऊन फिरतील. पत्रक खोटं, म्हणजे पाणीही खोटं, मेलेले मासेही खोटे. दामू आहे, बाकीचे आहेत, त्यांना साक्ष देऊ दे. तू गप्प राहा. मी विचारलं, की तुम्ही मला हे कधी शिकवलं होतं? ते चिडले. "लढ्यात प्रत्येक वाक्याची शपथ घेता येत नाही, कुंदा."

आई इतका वेळ डाळ निवडत होती. ती बाबांच्या युनियनबद्दल कधी बोलत नसे. तिनं सूप खाली ठेवलं. "माझा भाऊ तीन वरसं झगडला बाटलीशी. मालकानं न्हाय त्याला दारुडा केला. तुमच्या कागदानं केला." मग तिनं सूप उचललं आणि पुन्हा डाळ निवडू लागली.  लाइट आली, खाली लूम सुरू झाले, आणि जमीन पुन्हा हलायला लागली तेव्हा मला बरं वाटलं.

बैठकीच्या सकाळी आम्ही तिघंही गेलो. बाबा येतील असं मला वाटलं नव्हतं. ओहोटीनं खाडी आत गेली होती, काठाच्या चिखलावर होड्या कलंडलेल्या. मामाला खाटेवर घालून आणलं होतं. रेतीच्या ढिगाच्या सावलीत तीसेक डुबीवाले बसले होते, आणि मधे नामातात्या. ते सगळ्यांत जुने. कानांचे पडदे दोन्ही गेलेले, उजव्या कानात थोडं ऐकू यायचं, त्यामुळे त्यांच्यासमोर बोलणाऱ्याला प्रत्येक गोष्ट ओरडून सांगावी लागे. खोटं बोलणं तिथं अवघड जायचं, असं मामी म्हणायची. कुजबुजून खोटं बोलता येतं, ओरडून बोलताना लाज वाटते.

शेठ खुर्चीवर बसला होता. त्यानं पत्रक काढलं, आणि दुसऱ्या कुणाला न देता माझ्यासमोर धरलं. "तूच लिहिलंस ना बाळ? वाच." आवाजात राग नव्हता. मी चौकटीतलं वाक्य वाचलं. तात्यांनी कानामागं हात धरून विचारलं, काय म्हनतं ती? मला ते पुन्हा ओरडून वाचावं लागलं. खाडीवर माझा आवाज पसरला आणि मागं बसलेला कुणीतरी हसला. मग मी म्हणाले, हे खोटं आहे. तात्यांनी पुन्हा हात कानामागं नेला. बाबा चार पावलांवर उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. "हे खोटं आहे, तात्या. मी माहीत नसताना लिहिलं."

शेठ हसला. तो मूर्ख नव्हता. तो म्हणाला, तेव्हा खोटं बोललीस का आता बोलतेस? तेव्हा मामा पाण्यात होता, आता खाटेवर आहे, म्हणून माशांना जीव आला काय? बसलेल्यांतले काही जण माना हलवू लागले.  मी दोन वर्षं सभांमध्ये बोलत होते, मला नेहमी उत्तर सुचायचं. मी मामाकडे बघितलं. तो आभाळाकडे बघत पडला होता, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय.

तात्यांनी दोघांनाही हातानं थांबवलं. त्यांनी मला एकच गोष्ट विचारली. "तू तलाला गेली हायस?"

मी नाही म्हणाले.

"मग तुझं तवाचंबी ऱ्हाऊ दे न् आत्ताचंबी ऱ्हाऊ दे. तलाचं बोलनं तलाला जाऊन आलेल्याचं. ह्ये आपलं आधीपासनं हाय."

मी म्हणाले, मग मी जाऊन येते.

एकदम गलका झाला. आई उठून उभी राहिली. दामू म्हणाला, पोरीचं काम न्हाय ते, होडीवर बाया चढत नाहीत. बाबा पहिल्यांदा पुढं आले आणि माझं मनगट धरलं. तात्यांनी दामूला होडी काढायची खूण केली, आणि मी मनगट सोडवून घेतलं. मी पोहायला आजोळीच शिकले होते, चार-सहा हात खाली जाऊन शिंपले काढायचे, पण ते उन्हाळ्यात, काठाजवळ, तळ दिसत असताना. हा खड्डा ओहोटीलाही दोन पुरुष खोल होता. आणि त्यात ज्यानं मामाला मारलं ते पाकट असेल, किंवा नसेल. नसेल तर मी वर येऊन काय सांगणार होते, हा विचार मला होडीत चढल्यावर आला. ज्या पोरीनं न बघता 'नाही' लिहिलं, तिनं न सापडता 'आहे' म्हणायचं का? मी तेव्हा ठरवलं की जे लागेल तेच सांगायचं, मग मामा बुडाला तरी. बुडाला तरी. हा शब्द माझ्या डोक्यात तसाच आला होता, आणि त्याची मला आजही शरम वाटते.

मामीनं तिचं लुगडं मला कासोटा घालून नेसवलं. होडीत दामू, तात्या, दोरीला दोघं, शेठ काठावर. बाबा गुडघाभर चिखलात. मामानं खाटेवरून मला एकच सांगितलं होतं, की पाय उचलायचा न्हाय, सारायचा. पहिल्या वेळी मी अर्ध्यातच परतले. कान असे दुखले की कुणी आत खिळा ठोकतंय, आणि तोंडात रंगखान्याचं कडू पाणी गेलं. मी वर येऊन होडीची कड धरली. दामूनं कान कसे मोकळे करायचे ते नाक दाबून दाखवलं, आणि हळूच म्हणाला, आता पुरं, कोन काय बोलनार न्हाय. मी पुन्हा गेले.

बांबू शेवाळानं बुळबुळीत होता. हात, मग हात, मग हात. उजेड आधी हिरवा झाला, मग तपकिरी, मग संपला. मी डोळे उघडले आहेत की मिटले आहेत हे मला कळेना. मग पायाला थंड, जड, दाणेदार काहीतरी लागलं आणि मी तळावर उभी होते. मी एक हात बांबूवर ठेवला आणि उजवा पाय पुढं सारला. घोट्याशी टिचक्या. एक, दोन, मग बऱ्याच, कोलंबी. मी तोंड उघडून हसणार होते. मग बोटांना काहीतरी टणक, आणि ते आपणहून बाजूला झालं. छातीत धडधड इतकी मोठी होती की खाली कुणाचा लूम चालू आहे असं वाटलं. मी आणखी एक पाऊल सारलं, आणि त्या पावलाखालची रेतीच सरकली. रेती नव्हती. मऊ, जाड, गोणपाटाच्या ओल्या कडेसारखं काहीतरी माझ्या अंगठ्यावरून उचललं गेलं. मी पाय तिथंच ठेवला. उचलावासा वाटत होता, सगळं अंग तेच सांगत होतं, पण मी ठेवला. पाण्याचा एक जाड धक्का माझ्या नडग्यांना लागला, दोन्ही नडग्यांना एकदम, म्हणजे ते तेवढं रुंद होतं. आणि गेलं. त्यानं मला काही केलं नाही.

वर आल्यावर मला आधी उलटी झाली. मग मी काठाला आले आणि तात्यांच्या उजव्या कानाशी ओरडून सांगितलं, कोलंबी आहे, काहीतरी टणक होतं पण ती चिंबोरी होती का ते मला ठाऊक नाही, आणि पाकट आहे, माझ्या पायाखालून गेलं. शेठ म्हणाला, पोरगी तेच सांगणार. त्यावर तात्या त्याच्याकडे वळले. त्यांनी चेहऱ्यावरची रेषही न हलवता त्याला बांबू दाखवला.

"शेठ, तुमी जाऊन या. तुमी पन सांगा."

कुणी हसलं नाही. शेठनं खाडीकडे बघितलं, आपल्या पांढऱ्या कपड्यांकडे बघितलं. त्याच्या बापानं डुब्या मारून पहिली होडी घेतली होती हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. तो उठला आणि मोटारसायकल सुरू करून निघून गेला. तात्यांनी जागा उधाणापर्यंत बंद केली. मामाबद्दल ते वेगळं काहीच बोलले नाहीत. फक्त दामूला म्हणाले, जनाचा बांबू सुकू देऊ नको, पाय बरा झाला का लागंल. मी मामाच्या खाटेशी गेले. त्यानं विचारलं, केवढं व्हतं? मी हातांनी दाखवलं. त्यानं माझे दोन्ही हात धरून आणखी थोडे लांब केले आणि म्हणाला, "येवडं." मग तो रडला, आणि या वेळी त्याच्या दातांत पंचा नव्हता.

 घरी आल्यावर बाबांनी भिंतीवरचं कात्रण नखानं खरवडून काढलं आणि माझ्यासमोर कोरं स्टेन्सिल ठेवलं. मी लिहिलं: 'मागच्या पत्रकात तळाला एकही जीव नाही असे छापले होते. ते खोटे होते. लिहिणारी तळाला गेली नव्हती. आता जाऊन आली आहे.' खाली मी बैठकीतल्या डुबीवाल्यांनी मला सांगितलेलं उतरवलं, एकेकाच्या नावानं: नाल्याच्या तोंडाशी दामूच्या पायाला शिंपले लागत ते कधीपासून लागत नाहीत, कुणाच्या अंगाला कुठल्या रंगाच्या पाण्यात फोड आले, तात्यांनी कुठला मासा शेवटचा कधी धरला. एका चहात वाचून होण्यासारखं ते नव्हतं. वाक्यं दमाबाहेर गेली होती. युनियनचे दोघं बाबांना येऊन बोलून गेले, पोरीला आवरा म्हणून. मी आत ऐकत होते. बाबा काय म्हणाले ते लूमच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. अधिकारी त्या आठवड्यात आलाच नाही. बऱ्याच महिन्यांनी आला, बाटलीत पाणी भरून घेऊन गेला. माझ्यामुळे तो लांबला असं काही लोक अजून म्हणतात, आणि मी त्यांना नाही म्हणत नाही, कारण मला ते ठाऊक नाही.

पत्रक वाटायला दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच निघाले होते. बाबा चपला घालून मागं आले आणि अर्धा गठ्ठा माझ्या हातून घेतला. आम्ही पहिल्यांदा सगळ्यात मोठ्या रंगखान्याच्या फाटकाशी उभे राहिलो, पाळी बदलायच्या वेळेला. कामगारांच्या आधी मॅनेजर आला. त्यानं पत्रक घेतलं, पहिल्या चार ओळी वाचल्या, आणि मनापासून हसला. त्यानं बाबांच्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाला, वा, हे उत्तम केलंत, मला आणखी पन्नास द्या, वर साहेबांना पाठवायचेत. मी बाबांकडे बघत होते. त्यांच्या हातातला गठ्ठा थोडा वाकला. मग त्यांनी अंगठा ओला करून पन्नास कागद मोजले, कडा जुळवल्या, त्याच्या हातात दिले, आणि मागं उभ्या असलेल्या कामगाराला पुढचं पत्रक द्यायला वळले.